चौघांचा पोकर

उदगीरला भागवतच्या आडत दुकानात रविवारी दुपारी पोकरचा डाव बसायचा. पैशांवर नव्हे, सोयाबीनच्या दाण्यांवर. चौघांच्या खेळात भारी पत्त्यांची वाट बघत बसू नका, मध्यम पत्त्यांवरही भिडा, असं मोबाइलवरच्या व्हिडिओनं अकरमला बजावलं होतं. पण हरायच्या धास्तीनं महिनाभर तो नुसता पत्ते बघायचा, मांडी बदलायचा आणि पत्ते टाकून द्यायचा.

"अकरमभाई, खेळायला येता का हवा खायला?" भागवत दर डावाला टोचायचा. त्याची एकदा सगळ्यांदेखत जिरवायची, एवढ्या एका इच्छेपायी अकरमला शुक्रवारपासूनच चैन पडत नसे.

आज त्याला चक्क दोन एक्के आले. चेहरा मख्ख ठेवून त्यानं मूठभर दाणे पुढं सरकवले. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पत्ते टाकले. त्याच्या वाट्याला आले डाव सुरू करताना मधे ठेवलेले तीन दाणे. निदान बघा तरी काय होतं ते, म्हणून तो पत्ते उताणे करू लागला.


"ऱ्हाऊ द्या अकरमभाई," भागवत पत्ते गोळा करत म्हणाला, "एक्केच असतील, म्हाईत हाय."