संघर्षनं लावलेल्या तारा

तारा सैल करायला रंभाबाईंनी साफ नकार दिला.

गिटार पलंगावर उताणी होती. पोट फुगलेलं, तारा अडकवायची पट्टी लाकडापासून सुटत आलेली. शेजारी पुठ्ठ्याचा खोका आणि दोन जुन्या गोधड्या. आजच पार्सलनं ती मिरजेला कारागिराकडं जायची होती. कारागीर फोनवर सांगत होता, "काकू, ताणलेल्या तारांनी पाठवली तर वाटेत मान मोडेल."

"त्यानं लावल्यात त्या," रंभाबाई म्हणाल्या. "पोराच्या हातचं तेवढंच उरलंय."

संघर्षला जाऊन दोन वर्षं झाली होती. चाकणहून शिफ्ट सुटून येताना, ट्रकखाली. त्या दिवशी सकाळी त्यानं तारा लावल्या आणि गिटार भिंतीला अडकवली. लेक गेला, सूर राहिला. काळेवाडीच्या त्या दोन खोल्यांत दर रविवारी रंभाबाई दार लोटून सहाही तारा एकदा छेडायच्या. वरून खाली. तेवढ्यावर आठवडा निघायचा.

ज्योतीराम, त्यांचा नवरा, तेव्हा बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. पस्तीस वर्षं कंपनीत फिटर. लेकाच्या हयातीत त्यांनी त्या गिटारला कधी बोट लावलं नव्हतं. "ह्या टुणटुणीनं पोट भरणार व्हय रं?" एवढंच म्हणायचे.

"बरं, सोडायच्या आधी एकदा छेडा," कारागीर म्हणाला. "फोन जवळ धरा."

"कशाला उगं?" ज्योतीराम घाईनं म्हणाले. "खोक्यात घालू या."

रंभाबाईंनी छेडल्या. वरून खाली, सहा.

पलीकडून कारागिरानं विचारलं, "शेवटच्या कधी लावल्या होत्या?"

"दोन वर्षं झाली."

"नाही हो काकू. तारा महिन्याभरात उतरतात. ह्या अगदी सुरात आहेत. कुणीतरी सारखं खुंट्या पिळतंय. ताण कधी कमीच झाला नाही, म्हणून तर पट्टी सुटली."

रंभाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ज्योतीराम गोधडीची घडी मोडत होते, पुन्हा घालत होते.

"पहिल्याच महिन्यात उतरल्या व्हत्या," ते म्हणाले. "तू म्हणालीस, आज पोराचा आवाज बसल्यावानी वाटतोय. दोन दिवस जेवली न्हाईस. मग मोबाइलवर बघून शिकलो. दर शनिवारी, तू बाजारला गेलीस की."

रंभाबाईंनी गिटार उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. "सोडा."

ज्योतीरामांनी एकेक खुंटी फिरवली. कुठली कुठं वळते ते बघावंही लागलं नाही. सहावी तार लोंबली. आता रविवारी छेडायला काही नव्हतं.

"दुरुस्त झाल्यावर वाजवणार कोण?" फोनवरून कारागिरानं विचारलं. "हात बघून तारांची उंची ठेवावी लागते."

रंभाबाईंनी फोन तोंडाजवळ घेतला.

"त्याचा बाप," त्या म्हणाल्या. "फिटरचा हात हाय. बोटं जाड हायत."