विमान की गाडी

"तुम्ही दोघं घटस्फोट घेताय का?"

मैत्रिणींनी त्यावर पैज लावली होती, म्हणून आईबाबांना विचारूनच टाकलं. स्कीइंगच्या सुट्टीला विमानाने जायचं की गाडीने, यावरून घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती.

आई बूट पुसायची थांबली.

"भलतंच काय गं?" बाबा म्हणाले. "गाडीत तुझी आई आठ तास माझ्याशी बोलते. एरवी सापडते कुठे ती?"

"आणि विमानात हा घाबरून माझा हात सोडत नाही," आई म्हणाली आणि चक्क लाजली.

माझा जीव भांड्यात पडला.

"मग तुम्ही कसेही या," मी जाहीर केलं. "मावशीही येतेय ना, मी तिच्याबरोबर ट्रेनने जाणार. तुमच्यात बसणं मला झेपायचं नाही."