बटणांची अदलाबदल

आतल्या खोलीतून टाइप केल्याचा आवाज आला आणि चहाचं आधण ठेवता ठेवता भाचा स्वतःशीच हसला. काय तो वेग! निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आत्याची बोटं काही विसरली नव्हती.

कीबोर्ड तिचाच होता. विमान कंपनीच्या तिकीट खोलीत तिने नोकरीभर त्याच्यावर प्रवाशांची नावं घातली होती. जुनी यंत्रं मोडीत निघाली तेव्हा साहेबांच्या मागे लागून तिने तो घरी आणला. वजनाला नुसता धोंडा. भाच्याने तो तिच्या माळ्यावरून काढला, साफ केला, त्याला बोटभर लांबीचा एक कन्व्हर्टर जोडला, आणि आता तो यूएसबीने साध्या कॉम्प्युटरवर चालत होता.

"ने," आत्या तेव्हा म्हणाली होती, "पण त्याच्यात खुडबूड करू नकोस हं. आहे तसा राहू दे."

आज ती जेवायला आली होती. कीबोर्ड बघून खूश झाली. "या मशीनसाठी खोलीला एसी होता, माहितीये? आम्ही फुकटात गारठायचो." मग तिने पदर खोचला आणि बसली. तो चहा करायला आला.

आवाज थांबला. परत सुरू झाला, पण जरा हळू. परत थांबला. मग एकेक बटण. टक्. बराच वेळ काही नाही. टक्.

साखरेचा चमचा भाच्याच्या हातात तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात त्याने खुडबूड केली होती. कुठलं बटण दाबल्यावर कुठलं अक्षर यावं हे कन्व्हर्टरला सांगता यायचं. त्याने सगळी अक्षरं हलवली होती, आपल्याला जास्त वेगाने टाइप करता यावं म्हणून. आणि उजवीकडे खाली जे मोठं बटण होतं, जे दाबून आत्या प्रत्येक तिकीट पक्कं करायची, त्याला लिहिलेली ओळ पुसायचं काम दिलं होतं. बटणांवरची अक्षरं कधीच झिजून गेली होती. तशीही ती बोटांकडे बघायची नाही.

तो कप घेऊन आत गेला. आत्या खुर्ची मागे सरकवून बसली होती, डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने दाबत. पडदा कोरा होता.

"काय गं, थांबलीस का?"

"नको रे. उगाच तुझं काहीतरी बिघडायचं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ते त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण 'खुडबूड करू नकोस' हेही आठवलं, आणि तिला दिलेला शब्द इतक्या सहज मोडल्याचं कबूल करायला जीभ उचलेना.

"कनेक्शन सैल असेल. तू चहा घे, मी बघतो," तो म्हणाला.

तिच्याकडे पाठ करून त्याने कन्व्हर्टरचा प्रोग्राम उघडला आणि मूळ मांडणी निवडली. आत्ताची मांडणी पुसून टाकू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याने हो म्हटलं.

"हं, आता बघ करून."

"राहू दे आता."

"बघ तर, आत्या. माझ्यासाठी."

ती पुढे सरकली. हात ठेवले, क्षणभर डोळे मिटले आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. एकही चूक नाही. तिने ते मोठं बटण दाबलं. नाव जागच्या जागी राहिलं.

"बघ!" तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "आलं की नाही?"

आत्या हसली नाही. ती पडद्याकडे बघत राहिली.

"म्हणजे जातं आणि परत येतं," ती हळू म्हणाली. "माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं. सकाळी तिला घरातली माणसं ओळखू यायची नाहीत, आणि दुपारी सगळ्यांना नावाने हाका मारायची. आम्हाला वाटायचं, बरी झाली."

भाच्याने तिची खुर्ची आपल्याकडे वळवली.

"आत्या, ऐक. तुझं काही चुकलं नव्हतं. मीच बटणं बदलली होती. सगळी अक्षरं इकडची तिकडे केली होती. आत्ता तू चहा घेत होतीस ना, तेव्हा परत जागेवर लावली."

"मघाशी कनेक्शन म्हणालास."

"खोटं बोललो."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"थांब, परत तसंच करून दाखवतो. मग तर पटेल?"

"दाखवशील रे. तुला काय अवघड आहे?" तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती जीव लावतोस. ताईला आम्हीही असंच काहीबाही सांगायचो, तिला वाईट वाटू नये म्हणून."

"अगं, मी खरं सांगतोय!"

"हो रे बाबा. खरंच."

ती उठली. खुर्चीला अडकवलेली पर्स घेतली, किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला आणि नखाने कडी फाकवायला लागली. कडी घट्ट होती. त्याने मदतीला हात पुढे केला नाही. शेवटी तिच्या घराची एक किल्ली सुटली. ती तिने त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्याच हाताने मिटली.

"ही तुझ्याकडे असू दे," ती म्हणाली. "ताईच्या वेळेला आम्हाला दार फोडावं लागलं होतं."