रेघ पाण्याला लागेना

रोझेर होडीच्या मागच्या बैठकीवर बसला आणि होडी खाली बसलीच नाही.

आर्वो धक्क्यावर ओणवा होऊन होडीच्या मागच्या टोकावरची लाल रेघ बघत होता. दर वर्षी मूस हरणाच्या शिकारीला निघायच्या आदल्या दिवशी ही परीक्षा व्हायची. तंबू, बंदुका, गळ, पीठ, खारवलेलं मांस, सगळं होडीत रचायचं आणि शेवटी रोझेरने बसायचं. रेघ पाण्याला टेकली की बेत पक्का. रेघ बुडाली तर काहीतरी काढून ठेवायचं. बहुतेक वेळा व्हिस्कीच निघायची, कारण रोझेर काही निघत नसे.

रोझेर बसला की तळ्याचं पाणी समोरच्या काठावरच्या धुण्याच्या दोरीपर्यंत चढतं आणि बदकं पिल्लांना घेऊन टेकडीवर जातात, असं आर्वो गावच्या गुत्त्यात शपथेवर सांगायचा. एकदा तर म्हणे होडीचं पुढचं टोक इतकं वर गेलं, की बसल्या जागेवरून आर्वोने पाइनच्या शेंड्यावरच्या गरुडाची अंडी मोजली. त्यावर रोझेर शांतपणे म्हणायचा, "तीन होती."

आज रेघ पाण्याच्या वर चार बोटं कोरडी होती.

"पीठ घेतलं ना रे?" आर्वोने विचारलं.

"हे काय, पायाशी आहे."

"बंदुका?"

"त्यापण आहेत."

"मग रेघ पाण्याला का लागेना?"

"पाणी घट्ट झालंय. थंडी तोंडावर आली की होतं तसं."

आर्वो सवयीने हसला. हसता हसता त्याने वर पाहिलं, आणि हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

ऊन चांगलं तापलं होतं. तो स्वतः बाह्या दुमडून बसला होता. रोझेरने मात्र जाड लोकरीच्या कोटाची गळ्यापर्यंत बटणं लावली होती, आणि त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. उन्हाळाभर लेकीकडे शहरात राहून तो परवाच परतला होता, आणि परतल्यापासून हा कोट काही अंगावरून उतरला नव्हता.

"कोट काढ."

"थंडी वाजतेय."

"घाम येईपर्यंत? काढ म्हणतो ना, लेका!"

रोझेर उठायला गेला. धक्क्याचा खांब धरताना कोटाचा खिसा उसवला आणि होडीच्या तळावर टणटण करत काहीतरी पडलं. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या. एक पडली, दुसरी पडली, मग थांबेचनात. आर्वोने कोट घ्यायला हात पुढे केला, तर कोटाबरोबर हात पार पाण्यापर्यंत खाली गेला. प्रत्येक खिशात शिसं होतं. अस्तरातही आडवेतिडवे टाके घालून शिसं शिवलेलं.

कोटाखाली रोझेरच्या शर्टात दुसराच कोणीतरी उभा होता. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली, आणि उरलेलं टोक वळसा घालून पाठीशी खोचलेलं.

उभा जन्म आर्वोने ज्याच्याबद्दल थापा मारल्या, त्याच्याबद्दल ही एवढी एकच गोष्ट खरी होती, आणि नेमका हिच्यावरच विश्वास बसत नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाला?" शेवटी त्याने विचारलं.

"म्हणाला, शिकारीला जायचंच असेल तर तळी गोठायच्या आत जाऊन या."

"आणि बर्फ वितळल्यावर?"

"तो विषय त्याने काढला नाही. मीपण विचारलं नाही."

"मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू नेलं नसतंस." रोझेर गोळ्यांकडे बघत म्हणाला. "होडी कोण उचलणार, म्हणाला असतास. तुझा तो गुडघा असला. घरी बसवलं असतंस मला, सूप पाजत."

ते खरंच होतं. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना मधल्या जंगलातून होडी रोझेरच न्यायचा, टोपीसारखी डोक्यावर घालून, शीळ घालत.

आर्वोने कोट धक्क्याच्या फळ्यांवर टाकला आणि तो वाफेच्या न्हाणीमागच्या खोपटाकडे चालू लागला.

"दोरी आणायला चाललास ना?" मागून रोझेर ओरडला. "आण, आण! ओढून घे होडी वर! मी म्हातारा झालो, तू मोठा शहाणा!"

आर्वोने मागे पाहिलं नाही. खोपटात तो बराच वेळ काही न शोधता नुसता उभा राहिला. परत आला तेव्हा हातात लाल रंगाचा डबा, ब्रश आणि रंग पुसायला टर्पेंटाइन नि चिंधी होती.

"शिसं काढ सगळं. खोटी रेघ मी मारत नाही."

रोझेरने मुकाट्याने गोळ्या वेचून धक्क्यावर ठेवल्या.

"बुटातल्यापण."

रोझेरने बूट उलटे केले. होडी आणखी दोन बोटं वर आली.

"आता हलू नकोस."

आर्वो धक्क्यावर पालथा पडला. पाण्याला चिकटून त्याने नवी रेघ मारली. थोडा रंग ओघळून तळ्यात उतरला.

"यंदा ओढ्याने जाऊ," तो रेघेकडेच बघत म्हणाला. "लांब पडतं, पण होडी उचलायची भानगड नाही."

"ओढ्यात कधी मूस दिसलाय?"

"यंदा येणार आहे. माझं बोलणं झालंय त्याच्याशी."

आर्वोने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि वरची जुनी रेघ पुसायला हात नेला.

"ती राहू दे," रोझेर म्हणाला. "येताना मूस असेल ना होडीत."