चौदा नंबरच्या गाळ्याची तपासणी

"खुर्ची कुठं ठेवू?" भिंगानं दारातूनच विचारलं.

"ठेवा तिथंच, उजव्या हाताला," काळा चष्मा लावलेला माणूस आतून म्हणाला.

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लघुउद्योग कार्यालयातल्या या तपासनिसाला सहकाऱ्यांनी ते कौतुकानं चिकटवलं होतं, आणि थोडं वैतागूनही. सरकारी योजनेतून गाळे लाटणारे एकोणीस बोगस लाभार्थी त्यानं वर्षभरात हुडकून काढले होते. त्याची पद्धत ठरलेली. गिऱ्हाईक बनून जायचं आणि तपासणी होईपर्यंत फाइल उघडायची नाही. "फाइल आधी वाचली की नजर बिघडते," असं तो नव्या लोकांना ऐकवी. गाळ्याचा नंबर आणि योजनेचं नाव, एवढं त्याला पुरे.

आजची योजना दृष्टिहीन कारागिरांची होती. गाळा नाममात्र भाड्यानं, वेत सवलतीत. खुर्ची त्यानं स्वतःच्या घरून आणली होती, बैठक फाटलेली.

आत चष्मेवाला एका स्टुलाचा पाय घासत होता. त्याची बायको जमिनीवर बसून वेताची बैठक विणत होती. तोंडानं बोलणं आणि हातानं विणणं, दोन्ही एका वेगानं चाललं होतं.

भिंगानं चौफेर पाहिलं आणि लगेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. गाळा फारच पद्धतशीर होता. दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीवर दोरी ताणलेली. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक जागेपुढे मोजून पाडलेल्या खाचा. आंधळ्याचं दुकान नाटकात उभं करायचं असतं, तर याहून चांगलं कोणालाच जमलं नसतं.

"बघू तुमची खुर्ची," बाई म्हणाली.

त्यानं ती पुढे सरकवली. तिनं फाटक्या बैठकीवरून आणि काठांवरून बोटं फिरवली.

"तुम्ही डाव्या अंगावर रेलून बसता. आणि पोरांना हिच्यावर उभं राहू देता."

"पोरं ऐकतात कुठं!" भिंग बोलून गेला आणि ओशाळला. बाई हुशार होती. अशा जोडप्यांत डोकं बाईचंच असतं, असा त्याचा अनुभव होता.

तो फळीपर्यंत चालत जाऊन परत आला.

"बूट नवेच दिसतात," ती मान वर न करता म्हणाली. "चावतात का?"

"थोडेसे."

हिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, हे भिंगानं ओळखलं.

चष्मेवाल्यानं कात्रीनं वेताचं टोक छाटलं आणि ती बाकावरच टाकली.

"अहो, कात्री जागेवर ठेवा."

"ठेवतो गं."

"परवाही 'ठेवतो गं'च म्हणाला होतात."

त्यानं मुकाट्यानं कात्री फळीवर ठेवली. मग बाकाशी येऊन चष्मा काढला, तो टक्कन बाकावर ठेवला आणि डोळे पुसू लागला.

"चष्मा काढलात ना? घाला आधी!" बाई कडाडली.

त्यानं घाईघाईनं चष्मा चढवला. भिंगाला मनातून उकळ्या फुटत होत्या. नट कच्चा होता, पण सूत्रधार पक्का होता. आता शेवटची परीक्षा. त्यानं खिशातला रुमाल हळूच खाली सोडला. रुमालाला आवाज नसतो.

रुमाल बाईच्या गुडघ्याशी पडला. बाई कसलेली, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"साहेब, रुमाल पडला तुमचा," पलीकडून चष्मेवाला म्हणाला.

विसावा बोगस लाभार्थी! भिंगानं ओळखपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलं.

"लघुउद्योग कार्यालय. वाचता येतंय ना?"

चष्मेवाल्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आधी सांगायचं ना! बसा, खुर्ची..."

"बसायला नाही आलो. तुम्हाला दिसतं."

"हो, दिसतं की," तो गोंधळून म्हणाला. "डोळे आलेत चार दिवस झाले, म्हणून हा चष्मा. पण दिसतं."

इतक्या सहज कबुली आजवर कोणी दिली नव्हती. भिंगाला क्षणभर त्याची दयाही आली. पण गाळ्याच्या आशेवर कितीतरी खरे गरजू यादीत ताटकळत होते, आणि त्यांच्या आठवणीनं ती दया लगेच ओसरली. त्यानं छापील नोटीस काढून भरायला सुरुवात केली.

"आठ दिवसांत गाळा रिकामा करायचा. वेताचा कोटा आजपासून बंद."

बाईचे हात थांबले. "साहेब, असं नका करू. सात वर्षं थांबलोय आम्ही या गाळ्यासाठी. दुसरीकडे भाडं झेपणार नाही. हा गेला तर आमचं काम संपलं."

"हे नाटक सुरू करण्याआधी सुचायला हवं होतं."

"कसलं नाटक?" चष्मेवाला पुढे आला. "साहेब, काहीतरी घोटाळा होतोय, तुम्ही एकदा फाइल..."

"फाइल मला शिकवू नका. इथं सही करा."

"माझी सही कशी चालेल? गाळा हिच्या नावावर आहे."

"बायकोच्या नावावर!" भिंग खदखदून हसला. असली युक्तीही त्यानं पूर्वी पाहिली होती. "मग बाई, तुम्हीच करा."

त्यानं वाकून नोटीस आणि पेन तिच्या अगदी तोंडासमोर धरलं. तिनं चेहरा त्याच्याकडे वळवला, हात पुढे केला. हात कागदाच्या वीतभर डावीकडून गेला आणि तिथेच हवेत थांबला.

"कुठं धरलाय कागद, साहेब?" तिनं विचारलं.