मिठाचं रान

"हरण्या विकायचा न्हाई," शालूबाई म्हणाली आणि तिनं वैरणीची पेंढी बैलापुढं टाकली.

तिचे सासरे दादासो कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसले. "आगं, त्येला दात राह्यलं न्हाईत. औताला चालत न्हाई, गाडीला चालत न्हाई. गिऱ्हाईक कराडास्नं येणार हाय दुपारच्याला. मी शब्द दिलाय."

"मग आल्या पावली जाऊ द्या, मामंजी."

एवढं बोलून ती शेण भरायला लागली. ना राग, ना डोळ्यांत पाणी. तिचं सगळं असंच होतं. नवरा लढाईत पडल्याची तार आली तेव्हा तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मग उठली. बाया म्हणाल्या, काळीज दगडाचं हाय हिचं. नवऱ्यासाठी टिपूस नाही, आणि म्हाताऱ्या बैलाला मात्र हिरवंगार कडवळ. घ्या आता!

त्या दिवशी शाळेपुढं तिच्या नवऱ्याच्या, जोतिबाच्या नावाचा दगड बसायचा होता. दादासोंनी पटका बांधला. शालूबाईनं लेकीचं, राहीचं बोट धरलं आणि निघाली.

नाथाजी गुरुजी बोलायला उभे राहिले. गुरुजींना ग्रीकांच्या वीरांचं भारी वेड. अकिलीस आणि हेक्टर गावातल्या पोरांना शेजारच्या आळीतले असल्यासारखे ठाऊक. त्यातला ओडिसियस गुरुजींचा लाडका. ट्रॉयच्या लढाईला जायचं नव्हतं, म्हणून त्यानं वेडाचं सोंग घेतलं. बैल आणि गाढव एका जुवाला जुंपून रानात मीठ पेरायला लागला. मग एका चलाख माणसानं त्याचं तान्हं पोर उचलून नांगरापुढं ठेवलं. बापानं नांगर वळवला आणि सोंग उघडं पडलं. शाळेच्या गॅदरिंगला गुरुजींनी हेच नाटक बसवलं होतं, आणि ओडिसियस झाला होता जोतिबा.

म्हणून तर एकाहत्तर साली गाव हसलं. जोतिबा रजेवर आला तोच गप्प गप्प. पलटणीचं माघारी बोलावणं आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं हरण्याच्या जोडीला कुंभाराचं गाढव जुंपलं. एका हातात बैलाला टोचायची खिळ्याची पराणी, दुसऱ्या हातानं मीठ फेकतोय.

"नाटक अजून पाठ हाय गड्याचं!" लोक म्हणाले.

गावात पेन्शनर सुभेदार लालासाहेब म्हणतील ती पूर्व दिशा. त्यांनी पलटणीला वेडा कळवलं तर जोतिबा दवाखान्यात, शहाणा कळवलं तर लढाईत. शालूबाई त्यांच्या पाया पडली. "आवं, त्यो मला वळखत न्हाई. पोरीला बी वळखत न्हाई."

"तुला बी शिकीवलं वाटतं त्येनं," सुभेदार हसले. त्यांनी तिच्या कडेवरची राही घेतली, सरीत नेऊन ठेवली आणि सगळ्यांना लांबच्या बांधावर उभं केलं. शालूबाई तेवढी हिसडा मारून सुटली आणि धावली.

औत आलं. धुरळा उठला. आणि पोरीपासून हातभरावर औत थांबलं.

शालूबाईनं राहीला उचलून छातीशी धरलं. बांधावरनं सुभेदार ओरडले, "थांबला न्हवं गं?"

तिनं जोतिबाकडं बघितलं, राहीकडं बघितलं आणि मान हलवली. व्हय.

मग काय! गुलाल उधळला, हलगी कडाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं जोतिबाला एस्टीत बसवून दिलं. आदल्या सांजेला त्याची ट्रंक आईनं भरली, कारण शालूबाई गोठ्यात होती. हरण्याच्या मागच्या पुठ्ठ्याला हळद लावत बसली होती म्हणे.

"ग्रीकांचा तो वीर वीस वर्षांनी का होईना, घरी आला," दगडापाशी उभे गुरुजी सांगत होते. "आपला जोतिबा आला नाही. पण लेकीसाठी थांबला. थांबला नसता, तर आज जिवंत असता."

दगडावर तेच कोरलं होतं, लेकीसाठी नांगर थांबवणारा वीर. सुभेदार धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. तिकडं दादासो हुंदके देत होते. शालूबाई दगडावरच्या ओल्या कुंकवाकडं बघत राहिली. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं.

परतताना राहीनं विचारलं, "आये, बा माझ्यासाठीच थांबला व्हता?"

"व्हय."

"तू बघितलंस?"

"मी म्होरंच व्हते की."

राही उड्या मारत पुढं पळाली. तिच्या वर्गात बाप नसलेल्या पोरी आणखीही होत्या, पण असा बाप कुणालाच नव्हता.

घरी अंगणात गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. आकाराम नावाचा जनावरांचा दलाल, जुना जाणता. त्यानं हरण्याचं तोंड उघडून बघितलं, पाठीवरनं हात फिरवला आणि पुठ्ठ्यापाशी थबकला.

"दादासो, ह्ये वण कसलं?"

"कुठलं?"

"ह्ये बघा की. पराणीचा खिळा हाय ह्यो. एकाच जागी टोचून टोचून चाळण केलीया. जनावर जाग्यावरनं हाललं नसंल, त्याबिगर असं वण पडत न्हाईत. अडेल बैल गळ्यात मारताय व्हय मला?"

"अडेल?" दादासो उखडले. "साऱ्या गावाला इचार. ह्यो बैल जल्मात कवा अडला न्हाई!"

"राही," शालूबाई म्हणाली, "आत जा. पावण्यास्नी पाणी आन."

पोरगी आत गेली. शालूबाईनं आकारामच्या हातातलं दावं काढून घेतलं आणि हरण्याच्या मानेवर हात ठेवला.

"एकदाच अडला व्हता," ती म्हणाली. "त्या मिठाच्या रानात."