तिसरी यादी

यादी लागून तास झाला होता, तरी फळ्यासमोरची गर्दी हटत नव्हती. छकू वाट काढत पुढे गेली. दुकानातून ती तशीच उठून आली होती, कपड्यांना धाग्यांचे तुकडे चिकटलेले. परिचारिका प्रशिक्षणाच्या तीस जागा, तीस नावं, मुंगीएवढी अक्षरं. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. शेजारी एक मुलगी फळ्याला टेकून रडत होती. प्रतीक्षायादीत त्या मुलीचं नाव पहिलं होतं.

छकू मागे फिरली.

मावशी शिलाईमशीनवर बसली होती. पावलं ऐकून तिने मान वर केली.

"काय झालं गं?"

"नाही लागलं."

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

"पुढच्या वर्षी वयात बसायची नाहीस ना?"

"नाही."

"असो. तू काही कसर ठेवली नाहीस. नशिबापुढे कुणाचं काय चालतं?" तिने चाक फिरवलं. "दोन घास खाऊन घे. मग त्या कोटाची काजं कर. मला आता काजं अजिबात दिसत नाहीत."

छकू अकरा वर्षांची असताना तिची आई दीड महिना इस्पितळात पडून होती. एक परिचारिका दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवायची आणि वळवताना तिच्याशी बोलायची. आई उत्तर देत नव्हती, तरीही बोलायची. तेव्हापासून छकूच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

आई गेल्यावर मावशीने तिला घरी आणलं. मावशीला नवरा नव्हता, मूल नव्हतं. होतं ते शिवणकामाचं दुकान आणि मागची एक खोली. सख्ख्या लेकीसारखं वाढवलं हो, असं गल्ली म्हणायची. मावशीने स्वतः ते कधी बोलून दाखवलं नाही.

छकूची शाळा संपली आणि त्याच वर्षी मावशीची नजर जायला लागली. आधी सुईचं नेढं, मग टेपवरचे आकडे, मग गिऱ्हाइकांचे चेहरे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच जायची. "दोघी गेलो तर दुकान काय कात्री सांभाळणार?" म्हणायची. परत आली की सांगायची, "नस सुकत चाललीय म्हणे. औषध नाही."

मापं घेणं, बेतणं, काजं, बटणं, सगळं छकूकडे आलं. मावशी नुसती सरळ शिवण मारायची. छकूची एखादी टीप वाकडी गेली, तर मात्र तिला लगेच कळायचं. "बोटांना डोळे फुटलेत माझ्या," ती हसून म्हणायची.

"ही पोर नसती तर तुमचं काय झालं असतं?" गिऱ्हाइकं विचारायची.

"दुकानाला कुलूप, दुसरं काय?"

छकू खाली मान घालून काजं करत राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्तराचं कापड आणायला जाते असं सांगून ती निघाली आणि थेट प्रशिक्षण संस्थेत गेली. कार्यालयात पिकल्या केसांची कारकून बाई होती. तिने नाव विचारलं, यादीवरून बोट फिरवलं.

"सातवी आहेस. कागद आणलेस?"

"प्रवेश घ्यायला नाही आले. जागा सोडायची आहे. शनिवारपर्यंत तशीच अडून राहील, त्यापेक्षा प्रतीक्षायादीतल्या मुलीला आजच मिळू दे."

बाईने चष्मा काढला. "थांब. गेल्या वर्षी अकरावी आली होतीस ती तूच ना? आणि त्याच्या आधी?"

"एकोणिसावी."

"दर वर्षी वर चढतेस आणि दर वर्षी येत नाहीस. मग परीक्षा देतेस कशाला?"

छकूने बाहीवरचा एक धागा काढला. "मावशीला दिसत नाही. मी गेले तर ती एकटी काय करणार? परीक्षाच दिली नाही, तर तिच्यासाठी राहिले हे तिला कळेल आणि ती जिवाला लावून घेईल. माझं नाव लागत नाही असं वाटतंय तिला, तेच बरं आहे." मग हळूच म्हणाली, "आणि कितवी येते, ते बघावंसं वाटायचं."

"वय संपलं तुझं. आता परत संधी नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

बाईने कागद पुढे सरकवला. छकूने सही केली. टेबलाशेजारी उभ्या शिपाईमामांनी त्यावर शिक्का मारला आणि बाहेरच्या बाकावरच्या मुलीला हाक दिली. तीच ती, फळ्याला टेकून रडणारी. ती आत आली. छकूने तिला बसायला खुर्ची दिली आणि बाहेर पडली.

शिपाईमामा तिच्या मागोमाग व्हरांड्यात आले. थोडे घुटमळले.

"एक विचारू, पोरी? मावशी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईच ना? माझा गणवेश त्याच शिवतात."

"हो. का?"

"त्यांना दिसत नाही म्हणालीस आत, म्हणून विचारतो. यादी लागली की दुसऱ्या दिवशी त्या येतात. तिन्ही वर्षं आल्या. एकट्याच येतात, सगळी यादी वाचतात, तुझ्या नावावर बोट ठेवतात आणि मला विचारतात, ही मुलगी आली नाही, तर जागा नक्की दुसरीला जाते ना?"